मडगार्डची कड आणि चार वजनकाटे

जुनी पोर्शे ९११ खाली बसवायची म्हटलं की नवशिके हमखास विचारतात, स्प्रिंग किती कापायची? कापणार काय? १९६३ साली ती गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून १९८९ पर्यंतच्या ९११मध्ये वेटोळ्याची स्प्रिंगच नाही. चार चाकांना चार पोलादी दांडे. पुढचे दोन लांबीच्या दिशेने, मागचे दोन आडवे. चाक वर आलं की दांडा पिळला जातो आणि त्या पिळावर गाडी उभी राहते. याला टॉर्शन बार म्हणतात. उंची कमी करायची म्हणजे दांडा थोड्या वेगळ्या कोनात बसवायचा.

पुढचं काम सोपं आहे. दांड्याच्या मागच्या टोकाला एक स्क्रू असतो, तो सैल केला की नाक खाली येतं. मागचं काम मात्र अंगावर येतं. या एका फरकामुळे माझ्या गॅरेजात निम्म्या गाड्या अर्धवट बसवलेल्या येतात.

ही पण तशीच आली. ९११ एससी, म्हणजे तीन लिटरचं इंजिन असलेली, अमेरिकेत विकण्यासाठी बनवलेली. तिथल्या बंपरच्या नियमांमुळे त्या गाड्या कारखान्यातूनच युरोपातल्या भावंडांपेक्षा उंच सोडल्या जात. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर अमेरिकन गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते. मालकांचं म्हणणं सरळ होतं, "मिस्त्री, गाडी नुसती उभी असली तरी लोक दोन पावलं मागे सरले पाहिजेत."

आधीच्या गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही स्क्रू जवळपास पूर्ण सोडले होते आणि मागे हातच लावला नव्हता. नाक जमिनीला, ढुंगण वर. मालकांना ते आवडलं होतं, फक्त "मागूनही तसंच" हवं होतं. वर म्हणाले, "पुढून आता मस्त स्पोर्टी कडक झालीय." मी गाडी लिफ्टवर घेतली. पुढची दोन्ही बंप रबरं, म्हणजे चाक पूर्ण वर आलं की धक्का झेलणारे रबरी ठोकळे, चेपून चकाकत होती. म्हणजे सस्पेन्शनला खाली जायला जागाच उरली नव्हती, गाडी रबरावर बसून धावत होती. तो कडकपणा रबराचा होता. स्क्रू फिरवून गाडी खाली आणणारा दोष देतो शॉकला, शॉक बदलणारा दोष देतो रस्त्याला, आणि बिल दोघांचंही होतं.

गाडी खाली आणायची तर हालचालीची जागा कमी होते, म्हणून दांडे जाड लागतात. दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दहा टक्के वाढवला तर कडकपणा सेहेचाळीस टक्के वाढतो. हे कागदावर लिहून दाखवल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. या गाडीला पुढे मूळचे साधारण १९ मिलिमीटरचे होते, तिथे आम्ही २२चे घातले. मागे २४च्या जागी २८.

मागचं काम सांगतो, कारण ते मला मनापासून आवडतं. चार बोल्ट काढून कव्हर सुटलं तरी स्प्रिंग प्लेट, म्हणजे दांड्याचं टोक चाकाच्या हाताला जोडणारी पोलादी पट्टी, खालच्या कडेवर पिळात अडकलेली असते. ती जॅकने पेलून, पहारीने हळूच कडेबाहेर काढावी लागते. घाई केली तर ती सणकन खाली येते, आणि मध्ये कुणाचा हात असेल तर तो हात राहत नाही. शिकाऊ पोराला मी पहिल्यांदा फक्त बघायला उभं करतो. दांड्यावर डावा-उजवा अशी खूण असते. दांडे एकाच दिशेचा पीळ घेण्यासाठी आधीच तयार केलेले असतात, अदलाबदल केली की काही काळाने मोडतात. अंगावर ओरखडा पडू द्यायचा नाही. तडा तिथूनच सुरू होतो.

मग दाते. दांड्याच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दात सरकवला की ९ अंश. बाहेर उलट दिशेने एक दात सरकवला की ८.१८ अंश परत. उरतो ०.८२ अंश. ज्याने हे दोन आकडे ठरवले त्याला मी मनातल्या मनात दर वेळी सलाम करतो. स्क्रू नाही, शिमची पातळ चकती नाही, नुसत्या दात्यांच्या फरकातून एक अंशापेक्षा बारीक माप. त्यातही एससीची स्प्रिंग प्लेट दोन तुकड्यांची आहे, त्यामुळे दाते जवळपास जमले की शेवटची कसर एक्सेंट्रिक बोल्टने, म्हणजे फिरवला की प्लेट थोडी सरकवणाऱ्या बोल्टने, काढता येते. डिजिटल कोनमापक प्लेटवर ठेवायचं, गाडीच्या दाराखालचा उंबरठा किती कललाय तो वजा करायचा, आणि दोन्ही बाजू सारख्या आणायच्या.

पुढे मात्र मालकांशी पहिला खटका उडाला. नाक खाली आणलं की खालचा हात बाहेरच्या टोकाला वर चढतो. गाडी जेवढी खाली येते त्यापेक्षा तिचं कलण्याचं केंद्र, म्हणजे ज्या बिंदूभोवती ती वळणावर कलते तो, जास्त खाली जातं. म्हणजे दिसायला जमिनीला चिकटलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलायला बघते. स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडही बाहेरच्या टोकाला वर चढतात, मग खड्ड्यावरून जाताना चाक आपोआप थोडं वळतं. दुसऱ्या गोष्टीवर उपाय स्वस्तात होतो, रॅकखाली पट्ट्या टाकून तो उचलायचा. पहिलीवरचा खरा उपाय म्हणजे स्ट्रटवर, म्हणजे शॉकच्या उभ्या नळीवर, चाकाचा स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो आस) वर सरकवून पुन्हा वेल्ड करून घेणं. मालकांनी विचारलं, "ते बाहेरून दिसतं का?" नाही दिसत. मग नको. पट्ट्या झाल्या, स्पिंडल राहिला. कलण्याचा भार सगळा जाड दांड्यांवर टाकला.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. उतरताना चाकं बाहेर सरकू पाहतात आणि टायर जमिनीला धरून ठेवतात, त्यामुळे गाडी बरीच उंच राहते. पुढे-मागे ढकलायची, चारही कोपरे दाबायचे, मग टेप काढायचा. याच पायरीवर चुकून दुसऱ्या गॅरेजला शिव्या घालणारे लोक मी पाहिलेत.

त्यानंतर वजन. चार चाकांखाली चार काटे, टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, चालकाच्या जागी पोती आणि दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या अँटी-रोल बारच्या कड्या सुट्या. एक कोपरा उचलला की त्याचं आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्याचं वजन वाढतं, उरलेल्या दोघांचं कमी होतं. चार पायांच्या डुगडुगत्या टेबलाखाली कागद सरकवणं हेच. दोन्ही कर्णांवर सारखं वजन येईपर्यंत एक्सेंट्रिक आणि स्क्रू फिरवत राहायचं. शेवटी काटे असे थांबले: पुढे डावीकडे २५८ किलो, उजवीकडे २४४, मागे डावीकडे ३८८, उजवीकडे ३७६. डाव्या-उजव्यातला फरक चालकाच्या पोत्यांचा, अमेरिकन गाडीत चालक डावीकडे बसतो. एक कर्ण ६३२, दुसरा ६३४. चाळीस टक्के पुढे, साठ टक्के मागे, इंजिन मागे असलेल्या गाडीला शोभेल असं. त्या संध्याकाळी मी खूश होतो.

सकाळी मालक आले. गाडीभोवती एक फेरी मारली, चेहरा खुलला. मग खिशातून टेप काढला.

"मिस्त्री, मागचं डावं बारा मिलिमीटर वर आहे."

मी मोजलं. बरोबर होतं. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावीकडे बारा मिलिमीटर जास्त. पुढे दोन्ही बाजू सारख्या. अशा वेळी पोरं लगेच एक्सेंट्रिककडे धावतात. मी पुन्हा जमिनीपासून सुरुवात केली. कारखान्याच्या पुस्तकात उंची मोजायची पद्धत मडगार्डवरून नाहीच आहे. चाकाचं केंद्र जमिनीपासून किती, टॉर्शन बारचं केंद्र जमिनीपासून किती, आणि दोघांतला फरक. तो मागे दोन्ही बाजूंना एका मिलिमीटरच्या आत सारखा निघाला. म्हणजे सस्पेन्शन सरळ. वाकडा होता पत्रा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र डाव्या मागच्या पत्र्यावर ठेवलं. दाराजवळ आकडे साधे, चाकाच्या कमानीवर आले आणि यंत्राने मोजायचंच सोडलं. लोहचुंबकही धरेना. आतली रबरी चटई उचलली तर सांध्यावरचे वेल्डचे ठिपके उजव्या बाजूशी जुळत नव्हते. कधीतरी त्या कोपऱ्यावर जोरात मार बसला होता, कुणीतरी तुकडा बदलला होता, आणि कमानीची कड बारा मिलिमीटर वर बसवून पुटीने झाकली होती. गाडी उंच असताना चाक आणि कडेमध्ये एवढी मोकळी जागा होती की कुणाच्या लक्षात आलं नाही. खाली बसवल्यावर झाकायला काही उरलं नाही.

हे सांगणं सोपं नव्हतं. "कधीच ठोकलेली नाही" असं ऐकून त्यांनी ती घेतली होती. मी चुंबक त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो उजवीकडे लावला, चिकटला. डावीकडे लावला, खाली पडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आता विकणाऱ्याला फोन लावतील. तर म्हणाले,

"ठीक आहे. मग चाक पत्र्याला जुळवा."

मी समजावलं. डावा मागचा कोपरा बारा मिलिमीटर खाली घेतला तर त्याचं वजन कमी होणार, आणि त्याच्यासोबत पुढच्या उजव्याचं. त्यांच्यासमोर करूनच दाखवलं. काटे बदलले: पुढे डावीकडे २७०, उजवीकडे २३२, मागे डावीकडे ३७६, उजवीकडे ३८८. पुढच्या दोन चाकांत अडतीस किलोंचा फरक. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं एबीएस या गाडीला नाही. जोरात ब्रेक दाबला की हलकं चाक आधी अडकणार, म्हणजे पुढचं उजवं.

ते म्हणाले, "साहजिक आहे. पण टॉर्शन बारचं केंद्र कोण बघणार? कड सगळे बघणार."

याला माझ्याकडे तांत्रिक उत्तर आहे, पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नाही. गाडी शर्यतीत जाणार नाही. बाहेर निघेल तेव्हा लोक बघायला येतील, आणि बघणाऱ्यांत टेप बाळगणारे असतातच. ते स्वतःच तसे आहेत. दिसण्यासाठीच त्यांनी मला पैसे दिले होते, हे मी विसरत होतो का? एकीकडे वाटतं, दिसण्यासाठी आलेल्या माणसाला दिसणं देऊन मोकळं व्हावं. दुसरीकडे, एका डेंटरने पत्रा चुकवला म्हणून मी सरळ सस्पेन्शन वाकडं करायचं, आणि ते माझ्या जॉबकार्डावर? अंगावर पाल चढल्यासारखं झालं.

शेजारच्या पत्रेवाल्याला बोलावलं. त्याने बोटाने टकटक करून सांगितलं, एवढ्या पुटीखालची कड ठोकून खाली येणार नाही, कमान कापून नवी बसवावी लागेल, रंग छतापर्यंत ओढावा लागेल. मालकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

शेवटी सहा मिलिमीटरवर आलो. सौदा कुणी मोठ्याने बोललं नाही. मी एक्सेंट्रिक फिरवत होतो, ते कमानीकडे बघत होते, एका जागी त्यांनी हात वर केला. मी काटे वाचले. पुढे उजवीकडे २३८, डावीकडे २६४. कर्णावर पन्नासच्या जागी एकोणपन्नास टक्के. रस्त्यावरच्या गाडीला चालण्यासारखं आहे, वाद घालायला पुरेसंही आहे. त्या उंचीवर टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आणि समोरून दिसणारा तिरपेपणा, पुन्हा बसवले, कारण मागचा हात खाली-वर झाला की दोन्ही बदलतात, आणि टायरची आतली कड कुणाचं ऐकत नाही.

एक्सेंट्रिकवर दोन खुणा रंगवून ठेवल्या, एक पांढरी, काट्यांची, आणि एक पिवळी, आत्ताची. कमान बदललीच तर कुठे परत जायचं ते कुणालाही कळावं. जॉबकार्डावर दोन्ही वेळचे चारही आकडे लिहिले आणि मालकांची सही घेतली. सही करताना त्यांनी विचारलं की ओल्या रस्त्यावर नक्की काय होईल. मी सांगितलं, जोरात ब्रेक मारला तर पुढचं उजवं आधी घसरेल, स्टिअरिंग डावीकडे ओढ देईल. पाय उचलून पुन्हा दाबा.