हिवाळी कोट घ्यायचा नाही

माझे सासू-सासरे 1983 च्या उन्हाळ्यात कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातून पळाले. पळाले म्हणजे काय, तर ब्रनोहून युगोस्लाव्हियाला समुद्रावर सुट्टीला म्हणून निघाले आणि परत गेलेच नाहीत.

इथे व्हिएन्नात कुणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: सीमा कशी ओलांडली? सासरे दोन वाक्यांत उरकतात. स्लोव्हेनियातून (तेव्हा तो युगोस्लाव्हियाचाच भाग) रात्री डोंगरावरून चालत ऑस्ट्रियात उतरलो; पोरगं (म्हणजे आमचे हे, वय वर्षं चार) खांद्यावर झोपलं होतं. स्कोडा तिकडेच एका कॅम्पिंगवर सोडली. झालं.

मला विचाराल तर खरा थरार बॅग भरण्यात होता.

त्या काळात सगळ्या कुटुंबाने मिळून पश्चिमेकडे जाणं जवळपास अशक्यच. परकीय चलन बँकेने मंजूर करायचं, वर देश सोडायची परवानगी वेगळी. युगोस्लाव्हिया समाजवादी असला तरी त्याची ऑस्ट्रिया-इटलीकडची सीमा ढिली होती. सरकारला हे पक्कं ठाऊक, म्हणून तिकडे जाणाऱ्यांना राखाडी रंगाचा वेगळा पासपोर्ट मिळे. तो दुसरीकडे कुठे चालत नसे.

कस्टमवाल्यांनी सामान उपसलं आणि त्यात पदवी, जन्मदाखला असलं काही निघालं, की बेत फुटलाच. त्यामुळे बॅगेत काय होतं? पोहण्याचे कपडे, हवा भरायची गादी, मांसाचे डबे (तिकडची महागाई परवडायची नाही म्हणून सगळेच चेक घरून डबे नेत). हिवाळी कोट नाही, कारण जुलैत समुद्रावर कोट कोण नेतं! सासूबाईंना अल्बममधले थोडे फोटो हवे होते. ते काढले, आणि मग रात्री बसून उरलेले फोटो सरकवून पुन्हा चिकटवले, पानावर रिकामी जागा दिसू नये म्हणून. सख्ख्या बहिणीलाही पत्ता लागू दिला नाही. तिला माहीत नसलेलंच बरं, चौकशी तिचीच होणार होती.

ऑस्ट्रियात आधी ट्राइसकिर्खेनची निर्वासितांची छावणी. ही इमारत मुळात बादशाही काळातली, तोफखान्याच्या कॅडेटांची शाळा. 1956 ला इथे हंगेरियन आले, 1968 ला चेक, 1981 च्या सुमारास पोलिश. तिथून यांना एका खेड्यातल्या लॉजमध्ये पाठवलं आणि बघता बघता बर्फ पडायला लागला. चर्चने कोट दिला, तो कुणा धिप्पाड बाईचा. सासूबाई त्यात दोनदा मावल्या असत्या.

ब्रनोत त्या नर्स होत्या. इथे कागदच नाही म्हटल्यावर नर्स कसल्या! लॉजच्या फरशा पुसल्या, मग इस्पितळात मदतनीस झाल्या आणि शेवटी सगळं शिक्षण जर्मनमध्ये पहिल्यापासून केलं. मी इथे आले ती दहावीच्या मार्कशीटपासून लग्नाच्या दाखल्यापर्यंत सगळं अ‍ॅपॉस्टिल करून (म्हणजे परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का मारून), जाडजूड फाईल हँडबॅगेत घेऊन. ती फाईल पाहून सासूबाई इतक्या हसल्या की मला आधी रागच आला होता.

तिकडे मागे खटला उभा राहिला. परवानगीवाचून देश सोडणं हा दंडसंहितेच्या कलम 109 खाली गुन्हा होता. आरोपी गैरहजर, शिक्षा तुरुंगाची, वर मालमत्ता जप्त. घरातल्या सामानाची यादी करायला माणसं येण्याआधी बहिणीने नर्सिंगचं प्रमाणपत्र तेवढं लांबवलं. डिसेंबर 1989 मध्ये सीमा उघडली तेव्हा ती ते घेऊन व्हिएन्नाला आली. ब्रनो इथून गाडीने जेमतेम दोन तासांवर. प्रमाणपत्राचा तोवर काडीचा उपयोग उरला नव्हता.

पुढे 1990 च्या कायद्याने शिक्षा रद्द झाली. जप्त मालमत्ता परत देणारा कायदा 1991 चा, पण त्यात अट अशी की अर्जदार चेकोस्लोव्हाक नागरिक हवा आणि त्याचा कायमचा मुक्कामही तिथेच हवा. म्हणजे जे पळाले, ज्यांचं जप्त झालं, नेमके तेच बाहेर. मुक्कामाची अट चेक घटना न्यायालयाने 1994 मध्ये काढली, नागरिकत्वाची राहिली. आमच्या घरचे तोवर ऑस्ट्रियन झाले होते. सासरे यावर अजूनही तावातावाने बोलतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

बहिणीच्या मुलाचं नाव निघालं की मात्र ते विषय बदलतात. त्याचे मार्क चांगले होते, पण मावशी पळालेली. हव्या त्या शाळेत प्रवेश मिळाला नाही, कारखान्यात उमेदवारी करावी लागली. मावशीने चॉकलेटं पाठवली, पुढे पैसेही देऊ केले. त्याने घेतले नाहीत. आजही तो या घराशी बोलत नाही. सासऱ्यांच्या मते दोष राजवटीचा, आपला नाही. तेही खरंच, पण त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते, आणि हे मी त्यांना जेवताना तोंडावर सांगितलंय.