आमचा झेंडा

ऑस्लो, नॉर्वे, १७ मे

रात्रीचे दहा वाजत आले, तरी खिडकीबाहेर उजेड आहेच. घरात सगळे दमून झोपले. मला मात्र झोप नाही. सकाळपासून एकच शब्द डोक्यात घोळतोय. 'आमचा.'

शाळेच्या फाटकाशी पिल्लूने माझ्या हातात कागदी झेंडा दिला. लाल, त्यावर निळा क्रॉस, क्रॉसला पांढरी किनार. म्हणाली, "आजी, हा आमचा झेंडा. हलवायचा असतो." एवढंच. तेही किती लाडानं. आणि माझ्या पोटात एकदम कालवलं. 'आपला' म्हणाली असती तर मला जाणवलंही नसतं. तिला दोन्ही शब्द नीट येतात. फोनवर तिचं मराठी मीच तर घोटून घेतलंय. आपण म्हणजे तूसुद्धा, आम्ही म्हणजे तू नाहीस.

ती निघून गेली रांगेत. मी झेंडा पर्समध्ये ठेवला.

सकाळी तिला कपडे मीच घातले होते. इथला तो लोकरीचा पोशाख, बुनाद म्हणतात. इस्त्री करताना घेराच्या आतली दुमड दिसली, चांगली चार बोटं रुंद. वाढत्या अंगाचं शिवलंय. पुढची दोन-तीन वर्षं दर १७ मेला थोडं थोडं उसवत जातील. गळ्याशी चांदीची पिन, तिला बारीक चकत्या लोंबतात आणि ती चालली की किणकिणतात. मी तिच्यासाठी आणलेलं खणाचं परकर-पोलकं बॅगेत तसंच आहे. त्यालाही मी आतून दुमड घातलीय. सूनबाई म्हणाली, "आई, दिवाळीला घालू ना." बरोबरच आहे तिचं. दिवाळीला मी इथे नसेन.

असो.

मिरवणूक मात्र डोळे भरून पाहिली. रणगाडे नाहीत, तोफा नाहीत, पुढाऱ्यांच्या गाड्या नाहीत. नुसती मुलं. एकेक शाळा, पुढे शाळेचा फलक, मधेमधे मुलांचीच बँडपथकं. कार्ल योहान रस्त्यानं चढत थेट राजवाड्यापर्यंत. वर सज्जात राजघराणं उभं राहून हात हलवतं. एका मुलाच्या बुटाची नाडी सुटली तर बाईंनी वाकून बांधली आणि मागची अख्खी रांग थांबली. माझ्या शाळेची प्रभातफेरी आठवली. आदल्या दिवशी खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, लेझीम, घसा बसेस्तोवर घोषणा. तीस वर्षं मी त्या रांगा सरळ केल्या. ह्यांना फोटो दाखवायला हवे होते.

अभि ट्रॅममध्ये सांगत होता, हा त्यांचा स्वातंत्र्यदिन नव्हे. १८१४ साली आयड्सव्होल्ल इथे राज्यघटनेवर सह्या झाल्या, तो हा दिवस. म्हणजे आपल्या २६ जानेवारीशी जवळचा. पण त्याच वर्षी स्वीडनच्या राजाखाली जावं लागलं आणि वेगळं व्हायला १९०५ उजाडलं. ज्या कार्ल योहान राजाला हा दिवस साजरा केलेला खपत नव्हता, त्याच्याच नावाच्या रस्त्यावरून आज पोरं हुर्रा करत जातात. जर्मनांच्या ताब्यात देश होता तेव्हा तर बंदीच होती. आणि मुलांची पहिली मिरवणूक १८७० ची, ती फक्त मुलग्यांची. मुलींना १८८९ पर्यंत थांबावं लागलं. एकोणीस वर्षं त्या मुली फुटपाथवर उभ्या राहून भावांकडे बघत असतील. हे ऐकल्यापासून मला पिल्लूची रांग जास्तच मोलाची वाटायला लागली.

शेजारी एक तमिळ आजी उभ्या होत्या, श्रीलंकेच्या. मोडक्या इंग्रजीत आम्ही बोललो. त्यांची नातवंडं दोन, झेंडेही दोन, दोन्ही हातांत. कुठल्याही शाळेची मुलं आली तरी हलवत होत्या. येणारा-जाणारा "ग्रातुलेरेर मे दागेन" म्हणत होता, म्हणजे आजच्या दिवसाबद्दल अभिनंदन. त्या झटकन तसंच उत्तर द्यायच्या. मी नुसती हसायचे. माझं काय अभिनंदन?

पिल्लूची शाळा आली तेव्हा मी दोन्ही हात वर केले. तिनं मला पाहिलं. आधी हसली, मग तिची नजर माझ्या हातांकडे गेली. रिकामे होते. क्षणभरच, आणि रांग पुढे सरकली.

तो क्षण जाता जात नाही.

संध्याकाळी भांडी विसळताना आठवलं. सकाळी तिच्या वेण्या घालताना मीच म्हणाले होते, "आज तुमचा सण ना गं?" ताईला फोनवर म्हणाले, "यांच्याकडे आज मोठा दिवस असतो." परवा बाल्कनीत झेंडा लावत होती तेव्हा, "तुमचा झेंडा छान आहे हं." तुमचा, तुमचा, तुमचा. सहा वर्षांचं लेकरू. आजी 'तुमचा' म्हणते, मग त्यावर तिनं काय म्हणावं? 'आमचा'च ना. मीच शिकवलेलं व्याकरण. चूक कुठेच नाही.

सकाळपासून धरून बसलेला राग कुणावर होता, तेच आता कळेना. थोडं हलकंही वाटलं, खरं सांगायचं तर.

नऊ वाजता समोरच्या घरच्या बाईंनी झेंडा उतरवला. सूर्य मावळायच्या आत, फार तर नऊपर्यंत, उतरवायचाच अशी इथली रीत आहे. दोन हातांवर घेऊन, जमिनीला लागू न देता घडी घातली. आमच्या शाळेतले शिपाईकाका अगदी अश्शीच घालायचे. पिल्लू पेंगुळलेली, पण उठून बाल्कनीतला झेंडा आत घेऊन आली आणि मगच झोपली.

माझा पर्समध्येच आहे. आत्ता काढला. चष्म्याच्या डबीखाली दबून एक कोपरा मुडपलाय. नखानं सरळ केला, वहीत दाबून ठेवलाय. सकाळी ती उठली की विचारेन, आपला झेंडा कुठे ठेवायचा.