चार रेघी वही

सोमवार
इंदूरच्या खजूरी बाजारातून चार रेघी वही आणली. कडेच्या रेघा लाल, मधल्या दोन निळ्या. दुकानदाराने विचारलं, "कौनसी क्लास के लिए?" म्हटलं, "मेरे लिए." त्याने काही न बोलता दोन पेन्सिलीही पुढे ठेवल्या. बरं वाटलं.

मनगटाचं प्लास्टर निघून महिना झाला. मागच्या आठवड्यात चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. बँकेत तीनदा सही करून दाखवली, तिन्ही वेळा वेगळी आली. पस्तीस वर्षं न बघता केलेली सही हाताला आठवेना, ते फार लागलं मनाला. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, रोज थोडं लिहा. नात दुसरीत आहे, तिला शाळेत कर्सिव्ह, म्हणजे इंग्रजी अक्षरं जोडून लिहिणं, सुरू झालंय. तिच्याबरोबर पहिल्यापासून गिरवायचं ठरवलं. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी उशिरा आलं, तेही सुट्या अक्षरांचं. सही तेवढी ऑफिसातल्या साहेबांची वळणं बघून बसवलेली.

बुधवार
अजून अक्षरं नाहीत, नुसती वळणं. नात सांगते, "आजी, आधी सी घोटव. सी आला की ए, डी, जी, क्यू सगळे येतात." पोरीचं बरोबर आहे, चौघांचीही सुरुवात त्याच वळणाने होते. 'एफ' मात्र चारही रेघांना टेकतो. त्याच्या वरच्या फुगीर वळणावर हात थरथरतो.

वही सरळ ठेवली की कोपर अंगाला अडतं. वरची बाजू जरा डावीकडे कलती केली, तर खाली येणारी रेघ आपल्याकडे ओढली जाते आणि मनगट दुखत नाही. हे नातीच्या बाईंनी सांगितलेलं.

शनिवार
आज पानभर 'मिनिमम' लिहिलं. इंग्रजीत या शब्दात एकसारख्या पंधरा उभ्या रेघा येतात: तीन 'एम'च्या नऊ, 'एन'च्या दोन, 'यू'च्या दोन आणि 'आय'ची एकेक. अंतर जरा चुकलं की कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळत नाही. पहिल्या ओळीत रेघा एकमेकींवर चढल्या. सहाव्या ओळीत लक्षात आलं, की माझं सगळं ध्यान उभ्या रेघेकडे होतं. सांभाळायची असते ती तळाकडून वर जाणारी तिरकी रेघ. ती सारख्या रुंदीची आली की अक्षरं आपोआप जागेवर बसतात. शेवटचे तीन शब्द छान आले. ते नातीला दाखवले, तिने लाल पेन्सिलीने स्टार दिला.

सोमवार
'बी', 'ओ', 'व्ही', 'डब्ल्यू' हे चौघे पुढच्या अक्षराला वरून हात देतात, बाकीचे बहुतेक तळाशी. त्यामुळे 'ओ'नंतरचा 'आर' आणि 'ए'नंतरचा 'आर' वेगळे दिसतात. मी दोन्ही एकाच साच्यात बसवायला बघत होते.

'टी'ची आडवी रेघ आणि 'आय'चा टिंब पूर्ण शब्द झाल्यावर द्यायचा, म्हणजे हात मध्येच थांबत नाही. आपणही बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, शिरोरेघ शब्द झाल्यावरच देतो. जुन्या मोडी लिपीत उलट: आधी पानभर आडवी रेघ ओढून ठेवायची आणि तिला धरून, होईल तितकं हात न उचलता लिहीत जायचं. इथल्या होळकरशाहीचा कारभार त्याच लिपीत चालला. वडिलांच्या आजोबांची मोडीतली एक वही लहानपणी घरी होती. मला ती किडामुंगीसारखी वाटायची. आज ती हातात असती तर वाचता आली नसती, पण हात कुठून कुठे गेला ते बोट फिरवून बघितलं असतं.

गुरुवार
आडनावाचा शेवट 'कर'. 'के', 'ए', 'आर'. सही तिथेच तुटत होती: 'के'ची पोटातली गाठ मारताना पेन उचललं जायचं. आज जेवणं झाल्यावर फक्त तेवढंच लिहीत बसले, दोन पानं. हे पाणी घेऊन आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आता तुझीच वाटतेय."

जुन्या सहीसारखी ती नाही. 'आर' पूर्वी नुसता ओढलेला असायचा, आता त्याला खांदा आलाय. मला हीच आवडली. उद्या बँकेत सही बदलायचा फॉर्म भरून हीच देणार.