आधी तिच्या नावाचं सिम, मग स्मार्टफोन

बचत गटाच्या शिबिरात क्यूआर कोड स्कॅन करायला शिकवतात, ते बरंच आहे. पण नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडकडच्या बायकांचं घोडं अडतं ते त्याच्या आधीच. फोन हातात असतो आणि ओटीपी जातो मुलाच्या मोबाईलवर. मुलगा सातपूरला कंपनीत, आई द्राक्षाच्या बागेत, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या मात्र ३३ टक्केच, पुरुष ५७ टक्के. त्या ५४ टक्क्यांतही सिम कुणाच्या नावावर आहे, हे कळत नाही.

म्हणून सुरुवात सिमपासून करा. सिम बाईच्याच आधारवर, तिच्याच अंगठ्याने घ्यायचं. मुलाच्या नावाचं जादा सिम आईला दिलं की पुढे ते हरवलं किंवा बंद पडलं तरी दुकानात मुलालाच जावं लागतं.

मग आधार केंद्र. मोबाईल नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, जुन्या नंबरवरचा ओटीपीही लागत नाही. बाई स्वतः हवी आणि बोटांचे ठसे जुळायला हवेत. ऑक्टोबर २०२५ पासून फी ७५ रुपये आहे. पावती जपून ठेवा, स्थिती तिच्यावरच्या क्रमांकावरून कळते. अडचण येते ठशांची. डिपिंगच्या (द्राक्षाचे घड औषधात बुडवण्याच्या) किंवा कांदे कापणीच्या दिवसांत बोटांची कातडी झिजलेली, चिरलेली असते आणि मशीन ठसा घेत नाही. हात धुऊन कोरडे करा, बाकीची बोटं लावून बघा, तरी नाहीच जमलं तर डोळ्याचं स्कॅन करायला सांगा. शेतीकामाची गडबड नसताना गेलं तर निम्मा त्रास वाचतो.

आता सगळ्यात जास्त होणारा गोंधळ. आधारचा नंबर बदलला म्हणून बँकेतला बदलत नाही. बँकेत पासबुक घेऊन वेगळा अर्ज द्यावाच लागतो. त्याच खेपेला खातं आधारशी सीड, म्हणजे जोडलेलं, आहे का, तेही विचारा. सरकारी योजनांचे पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात पडतात. लाडकी बहीणचे १५०० रुपये ‘आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या काही जणींचे पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात निघतात.

एवढं झाल्यावर यूपीआय. बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, कारण ॲप त्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं. दोन सिमांचा फोन असेल तर योग्य सिम निवडा. रिचार्जमध्ये एसएमएस नसतील तर ‘पडताळणी अयशस्वी’ येतं आणि सगळे ॲपला शिव्या घालतात! डेबिट कार्ड कपाटात पडून असेल तरी आधार ओटीपीने यूपीआयचा पिन ठेवता येतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही, तेव्हा हे काम बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी उरकावं.

पिन बाईने स्वतः टाकायचा. दुकानदाराने नाही, जावयानेही नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि रिचार्ज. नव्वद दिवस सिम वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करून नंबर दुसऱ्याला देऊ शकते, मग ओटीपी त्या परक्या माणसाकडे. महिन्याचा पॅक परवडत नसेल तर निदान २० रुपये शिल्लक ठेवा, सिमची मुदत आणखी ३० दिवस पुढे सरकते.