आत्यांची भांडी वाचली का? (भाग 27 पर्यंतची नोंद)

या महिन्यात माझ्या नाशिकमध्ये घडणाऱ्या क्रमशः कथेचे भाग 22 ते 27 झाले. ठरवले होते आठ, झाले सहा. 25वा तीनदा लिहिला, तरी लंगडतोच आहे.

24व्या भागाच्या शेवटी अनिकेतला वाड्यातली चिठ्ठी सापडते. तिच्यासाठी मी दोन महिने जमवाजमव करत होतो. आणि मेसेज कसले आले? "आत्यांची भांडी वाचली का?"

सुमनआत्या म्हणजे भांडी बाजारातल्या दुकानवाल्या. एका प्रसंगापुरत्याच होत्या, अनिकेतला पत्ता सांगायचा आणि संपलं. नुसतं उभं राहून कोण बोलतं, म्हणून त्यांना खालच्या फळीवरचे तांब्याचे हंडे वर चढवायला लावले. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. पत्ता सांगता सांगता त्या पोऱ्याला विचारतात, "मारुती कुठवर?" तो म्हणतो, "कमरेला." त्या पुढचा हंडा उचलतात.

गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती (त्याला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिकमध्ये पूर मोजतात) मी कथेत कुठेच समजावला नाही. नाशिककरांना तो सांगायला नकोच. पण कोल्हापूरच्या वाचकालाही अडलं नाही. म्हणाला, आमच्याकडे राजाराम बंधाऱ्यावर पाणी बघतात, तसंच ना? तेव्हापासून पूर हेच कथेचं घड्याळ. गुडघा, कंबर, छाती. "रात्रीचे नऊ वाजले" लिहायचं सोडलं.

26व्यात मात्र माती खाल्ली. मारुती अख्खा बुडवला आणि अनिकेत सराफ बाजारातून कोरड्या बुटांनी चाललाय! 2019च्या ऑगस्टमध्ये मारुती बुडाला तेव्हा सराफ बाजारात पाणी शिरलेलं मी स्वतः पाहिलंय, तरी ही चूक. दोघांनी लगेच कान धरला. आता तो मांडीभर पाण्यातून चिठ्ठी डोक्यावर धरून जातो. खरं सांगू, प्रसंग आधीपेक्षा बरा झालाय.

चहावाला मात्र कुणालाच आवडला नाही. दोष माझाच. त्याच्या तोंडी सगळं शहाणपण घातलं आणि चहा एकदाही उकळू दिला नाही.

28व्यात पाणी ओसरतंय. गंगाघाटावर गाळ, त्यामुळे बुधवारचा बाजार नीट भरत नाही, आणि मेथीच्या जुड्या घेऊन आलेली एक बाई जागा शोधत फिरते. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. आत्यांचा एक हंडा मात्र तिलाच सापडणार आहे, गाळात अर्धा रुतलेला.