त्याचं नाव आलं की मी बाहेर जातो

भरतीच्या मुलाखतींच्या दिवशी निवड समितीच्या सदस्य सचिवाचं काम बरंचसं कारकुनीच असतं. गुणपत्रकांचे संच लावायचे, हजेरीपट फिरवायचा, मूळ कागदपत्रं तपासून घ्यायची आणि समिती बसली की प्रत्येक सदस्याची घोषणापत्रावर सही घ्यायची. "उमेदवारांपैकी कोणीही माझे जवळचे नातेवाईक नाहीत," एवढं एकच वाक्य. बहुतेक सदस्य ते न वाचताच सही ठोकतात आणि माझं पेन खिशात घालतात. मग ते मागून घ्यावं लागतं.

त्या दिवशी एका ज्येष्ठ विभागप्रमुखांनी मात्र ते वाचलं. उमेदवारांची यादी मागितली, सातव्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा माझ्या मेहुणीचा मुलगा. आडनाव वेगळं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण काही अडचण नाही. त्याचं नाव आलं की मी बाहेर जातो, झालं की बोलवा."

माणूस सरळ. लपवायचं असतं तर सहज लपलं असतं. सगळ्यांना तोडगा पटला, एकजण तर "उत्तम" असंही म्हणाले. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश होते. त्यांनी हो-नाही काहीच केलं नाही, माझ्याकडे लेखी परीक्षेची गुणयादी मागितली.

जागा दोन, उमेदवार एकोणीस. यादीत वरच्या सहा जणांमध्ये मिळून दोन गुणांचंही अंतर नव्हतं. मेहुणीचा मुलगा चौथा. मुलाखतीचे वीस गुण, चार जण देणार आणि त्यांची सरासरी धरणार. अध्यक्षांनी यादीच्या समासात पेन्सिलीने हिशेब मांडला आणि कागद विभागप्रमुखांपुढे सरकवला. "समजा, वरच्या तिघांना तुम्ही प्रत्येकी चार गुण कमी दिले. सरासरीत प्रत्येकाचा एक गुण गेला. भाच्याला तुम्ही काहीच दिलं नाही, त्याच्या मुलाखतीला तुम्ही खोलीतही नव्हता. तरी तो आला की नाही वर?"

"पण मी तसं करणार नाही, साहेब."

"नाहीच करणार. पण तुम्ही एखाद्याला खरोखर कमी लेखून बारा गुण दिलेत, तर ते खरे बारा आहेत हे त्याला कसं कळणार?"

या खात्यात इतकी वर्षं काढूनही ही गोष्ट इतकी उघडी करून कुणी दाखवली नव्हती. स्पर्धा असते तिथे आपल्या माणसाला वर ढकलायची गरजच नसते, इतरांना खाली ओढलं तरी भागतं. आणि बाहेर जाऊन परत येणारा सदस्य नेमका इतरांच्याच वेळी खोलीत असतो.

मग साहेबांनी क्राईपाक खटल्याची गोष्ट सांगितली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती पाठ असते, आमच्यासारख्यांच्या कानावर फक्त नाव असतं. भारतीय वन सेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर तिथले प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते आणि ते स्वतःच उमेदवारही होते. त्यांच्या नावाची चर्चा झाली तेव्हा ते बाजूला राहिले. पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची चर्चा झाली तेव्हा ते हजर होते. यादी लागली, तर पहिलं नाव त्यांचंच. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती निवड रद्द केली. आमच्या सातव्या नावाचा प्रकार याहून सौम्य होता, पण घाट तोच.

विभागप्रमुख दुखावले होते, ते दिसतच होतं. बाजूला व्हा म्हटलं की माणसाला ते आरोपपत्रासारखं वाटतं. त्यांनी शेवटचा मुद्दा काढला, आणि तो चुकीचा नव्हता: "लोकसेवा आयोगात तर सदस्य फक्त तेवढ्या एका मुलाखतीपुरताच बाहेर जातो. मग इथे वेगळा न्याय का?"

साहेब खूश झाले. मला वाटतं, कोर्टात चांगला युक्तिवाद ऐकला की ते असेच होत असावेत. म्हणाले, हा फरक सर्वोच्च न्यायालयानेच 1985 मध्ये हरियाणाच्या एका प्रकरणात केला आहे, अशोककुमार यादव म्हणून. आयोग ही घटनात्मक संस्था. तिथल्या सदस्याच्या जागी आयत्या वेळी दुसरा कुणी आणून बसवता येत नाही. म्हणून तिथे नात्यातल्या उमेदवाराच्या मुलाखतीतून आणि चर्चेतून बाहेर राहिलं की पुरे, त्याचे गुणही त्या सदस्याला कळू द्यायचे नाहीत. पण आपल्यासारखी, एका निवडीपुरती नेमलेली समिती असेल, तर जवळच्या नातेवाइकाचं नाव यादीत असलेल्या सदस्याने पूर्ण निवडीतून बाहेर पडायचं आणि बदली माणूस मागायचा, हेही त्याच निकालात आहे. "सवलत माणसाला नाही, पर्याय नाही म्हणून आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे पर्याय आहे. फोन लावा."

फोन मी लावला. नियुक्ती प्राधिकाऱ्यांना परिस्थिती सांगितली, दुसऱ्या विभागाचे एक प्रमुख उपलब्ध आहेत का विचारलं, लेखी आदेश मेलवर मागवला. तो येईपर्यंत सक्तीची विश्रांती. बाहेर उमेदवार ताटकळत होते आणि त्यांना कारण काय सांगायचं हा माझ्यापुढे प्रश्न. "तांत्रिक कारणामुळे" हे आमचं नेहमीचं उत्तर. साहेब म्हणाले, खरं ते सांगा, नाव नका घेऊ. म्हणून मी बाहेर जाऊन सांगितलं, की एका सदस्यांचे नातेवाईक उमेदवारांत असल्यामुळे सदस्य बदलत आहोत. कुणी तक्रार केली नाही. दोघं-तिघं एकमेकांकडे बघायला लागले, एवढंच.

दुसरा पेच तेवढ्यात आला. एका उमेदवाराचं हरकतपत्र आवक विभागात पडून होतं, ते कुणीतरी आत आणून दिलं. समितीतल्या एकमेव महिला सदस्य, ज्या मागच्या भरतीतही होत्या, त्यांच्यावर हरकत: "मागील वेळी यांनी मला नाकारले, त्यामुळे त्यांचे मन माझ्याविषयी कलुषित आहे." मॅडमनी पत्र वाचलं आणि फाइल बंद केली. "मीही जाते. मला कशाला हा मनस्ताप? एक जातच आहेत, दोन जाऊदेत."

गंमत अशी, की ज्यांना थांबायचं होतं त्यांना साहेबांनी घालवलं आणि ज्यांना जायचं होतं त्यांना बसवलं. दुसरा निर्णय मला जास्त अवघड वाटतो. हरकत आली की उठून जाणं सभ्यपणाचं दिसतं. पण मग पुढच्या वेळी कुणीही साध्या कागदावर चार ओळी खरडून नको असलेला परीक्षक उठवू शकेल. कोर्टात याच्याच मोठ्या आवृत्त्या होतात. 2019 मध्ये भूसंपादनाच्या प्रकरणात न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांनी घटनापीठावरून बाजूला व्हावं अशी मागणी झाली होती, कारण त्याच कायदेशीर प्रश्नावर आधीच्या एका निकालात त्यांनी मत दिलेलं होतं. त्यांनी ती नाकारली. आधी मत दिलं म्हणजे मन बंद झालं असं धरलं, तर अनुभवी न्यायाधीश उरायचाच नाही. (तरी ते बाजूला झाले असते तर बरं, असं म्हणणारे जाणकार वकील मी ऐकले आहेत. वाद अगदीच एकतर्फी नाही.)

साहेबांनी मॅडमना एवढंच विचारलं, की त्या उमेदवाराशी नातं, पैशाचा व्यवहार, भांडण, काही आहे का. नाही. मग बसा. हरकत, त्यांचं उत्तर आणि ती फेटाळण्याचं कारण, तिन्ही इतिवृत्तात आलं पाहिजे असं त्यांनी मला बजावलं. बाजूला होताना आणि न होतानाही कारण लिहावं, हा त्यांचा आग्रह. न्यायिक नियुक्ती आयोगाच्या खटल्यात, 2015 मध्ये, न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनीही बाजूला होणाऱ्या न्यायाधीशाने कारण द्यावं असं मत मांडलं होतं. कोर्टात मात्र 'नॉट बिफोर मी', म्हणजे 'माझ्यापुढे नको', एवढ्यावरच बहुतेक वेळा काम भागतं, आणि मग वकिलांच्या खोलीत तर्कांना ऊत येतो.

विभागप्रमुख जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "मी पक्षपात केला असता असं वाटतं का तुम्हाला?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. साहेबांनी ते ऐकलं असावं. ते म्हणाले, रणजित ठाकूर नावाच्या जवानाच्या खटल्यात, 1987 मध्ये, हाच प्रश्न चुकीचा ठरवला गेला आहे. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच त्याच्या कोर्ट मार्शलमध्ये बसला होता. न्यायालयाने सांगितलं, की माझं मन दूषित आहे का, असं न्यायाधीशाने कितीही प्रामाणिकपणे स्वतःला विचारू नये, समोरच्या पक्षकाराच्या मनात काय येईल ते बघावं.

मग साहेब माझ्याकडे वळले. "आणि सचिव, तुमचं कोण आहे यादीत?"

मला गुण द्यायचे नव्हते, मतही नव्हतं. तसं मी म्हटलंही. त्यावर त्यांनी 1923 सालचा इंग्लंडमधला ससेक्सचा निकाल सांगितला. एका वाहन अपघाताच्या खटल्यात दंडाधिकारी निकालाचा विचार करायला आतल्या खोलीत गेले, त्यांचा कारकून सोबत गेला. त्याच अपघाताच्या भरपाईसाठी आरोपीविरुद्ध काम पाहणाऱ्या वकिलांच्या पेढीत तो भागीदार होता. आत तो एक शब्दही बोलला नाही, कुणी त्याला काही विचारलंही नाही. तरी शिक्षा रद्द झाली. न्याय होताना दिसलाही पाहिजे, हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य या प्रकरणातलं, आणि निमित्त कोण, तर न बोललेला कारकून! मी माझंही घोषणापत्र भरून दिलं. नमुन्यात सचिवासाठी जागाच नव्हती, म्हणून खाली हाताने लिहिलं.

बदली सदस्य दुपारी आले आणि संध्याकाळी उशिरापर्यंत मुलाखती चालल्या. भाचा प्रतीक्षा यादीत पहिला आला. हरकत घेणारा निवडला गेला नाही आणि त्याने माहितीच्या अधिकारात इतिवृत्त मागवलं. मी ते पूर्ण दिलं. पुढे काही आलं नाही.

आता घोषणापत्र मुलाखतीच्या सकाळी न घेता, उमेदवारांची यादी निश्चित झाली की लगेच घेतो, म्हणजे सदस्य बदलायला वेळ मिळतो. 'जवळचे नातेवाईक' म्हणजे कोण, ते नमुन्यात आता नावानिशी आहे, मेहुणीच्या मुलासकट. एका रकान्यावर मात्र अजून एकमत नाही: उमेदवार सदस्याचा विद्यार्थी असेल तर? आमच्या विषयात जाणकार मोजके, प्रत्येकजण कुणाचा तरी विद्यार्थी असतोच. माझं मत असं, की पीएच.डी.चा मार्गदर्शक असेल तर त्याने उठावं, वर्गात शिकवलं असेल तर नुसतं लिहून द्यावं आणि बसावं. मॅडमना हे मान्य नाही. मार्गदर्शकापेक्षा, ज्याने विद्यार्थ्याला एकदा नापास केलं तो जास्त धोक्याचा, असं त्यांचं म्हणणं. रकाना तूर्त कोराच ठेवला आहे.