शिआनच्या दगडांवरची धावती अक्षरं

चीनमधल्या शिआनला बहुतेक लोक मातीच्या सैनिकांसाठी जातात. आम्हीही तिकडे जाऊन आलो, पण माझा सगळा जीव अडकला होता तो शहराच्या दक्षिण तटाजवळच्या बेइलिन संग्रहालयात. सोंग काळात, 1087 मध्ये, सुरू झालेला हा शिलालेखांचा संग्रह आज जुन्या कन्फ्यूशियस मंदिराच्या आवारात आहे. मला बघायची होती त्साओशू, चिनी अक्षरांची धावती लिपी. तिच्या कागदावरच्या अस्सल कृती क्वचितच बाहेर काढतात. दगड मात्र बारमाही भेटतात.

चिनी येत नाही तर तिथे जाऊन काय कळणार, असं मला घरीदारी विचारून झालं होतं. चिनी येणाऱ्यांनाही ही लिपी सरसकट वाचता येत नाही, तेव्हा काळजी नको. सुरुवात झीयोंग या भिक्षूच्या 'सहस्राक्षरी'पासून करा. एकही अक्षर पुन्हा न येणारा हजार अक्षरांचा हा पाठ, पिढ्यान्पिढ्या मुलांनी गिरवलेला. झीयोंगने तो दुहेरी लिहिला: एका उभ्या ओळीत नीट, सुटं अक्षर आणि शेजारच्या ओळीत तेच अक्षर धावतं. इथला दगड 1109 मध्ये कोरलेला आहे. या जोड्यांवरून नजर आडवी फिरवत राहिलं, की कुठली रेघ गळली, कुठल्या दोन रेघा एक झाल्या, हे हळूहळू दिसू लागतं. बोरू न उचलता लिहिलेली मोडी पाहिली असेल तर आणखी लवकर. मोडीसारखीच ही लिपीही कचेरीतल्या घाईत वाढली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजघराण्याच्या काळात. कला म्हणून तिला डोक्यावर घेतलं ते नंतर.

मग झांग शूकडे वळा. हा आठव्या शतकातला, तांग काळातला. दारू पिऊन केस शाईत बुडवून लिहायचा अशा कथा आहेत. खऱ्या असोत नसोत, अक्षर पाहून पटतात. इथला त्याचा प्रसिद्ध मजकूर म्हणजे पोटदुखीची चिठ्ठी! एकाएकी पोट दुखू लागलंय, सोसवत नाही, थंडीने की उष्णतेने कळत नाही, रेवाचिनीचा काढा घ्यावा म्हणतो, अशा अर्थाच्या सहा ओळी. पहिली तीन अक्षरं बऱ्यापैकी शहाण्यासारखी, सुटी बसली आहेत. चौथ्यापासून कुंचला सुटतो आणि ओळच्या ओळ एका दमात खाली उतरते. कागद कधीच नाहीसा झाला. 1058 मध्ये दगडावर उतरवलं म्हणून ही चिठ्ठी उरली. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच उभी होते आणि तुम्हीही तसंच करा, असा माझा आग्रह आहे.

ह्वायसू हाही भिक्षूच, झांग शूच्या वळणावर गेलेला. त्याचे इथे एकाहून जास्त दगड आहेत. 793 मधला 'पवित्र माते'चा लेख बराच शांत. 1470 मध्ये कोरलेली त्याची सहस्राक्षरी मात्र बेभान. एकाच हाताचं आहे यावर विश्वास बसत नाही. झीयोंगची सहस्राक्षरी आधी पाहिली असेल, तर हाच पाठ इथे किती लांब गेलाय ते कळतं.

837 मधले कन्फ्यूशियसपंथी ग्रंथांचे 114 दगड भव्य आहेत, पण ते सगळं नीट अक्षर. धावत्या लिपीसाठी आला असाल तर न थांबता, चालता चालता बघा.

मेट्रोच्या 2 नंबर लाइनवर योंगनिंगमेन स्टेशनला उतरा आणि शूयुआनमेन या कुंचले-कागदांच्या गल्लीतून चालत या. पासपोर्ट जवळ हवाच. पैशांसाठी अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला आपलं कार्ड घरूनच जोडून ठेवा. लेखांची चिनी नावं फोनमध्ये फोटो करून न्या आणि तिथल्या माणसांना दाखवा. इंग्रजी पाट्यांवर विसंबू नका. बऱ्याच दगडांवर काच आहे, तिच्यात खिडक्या चमकतात, म्हणून थोडं बाजूला सरकून तिरकं बघा. ओला कागद दगडावर दाबून, वर शाईची गादी थोपटून ठसे काढताना दिसले तर थांबा. काळ्यावर पांढरी उमटलेली अक्षरं दगडापेक्षा स्पष्ट दिसतात. गल्लीतला ठसा घ्यायचा असेल तर तो कुठल्या दगडाचा ते विचारा, नव्या नकलाही असतात.

दगडाला एक गोष्ट जमत नाही: शाई. कुंचला कुठे भिजलेला, कुठे कोरडा पडला, हे फक्त कागदावर कळतं. त्यासाठी तैवानमधल्या तैपेईचं राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय. ह्वायसूची 777 मधली 'आत्मकथा' तिथे आहे, साडेसात मीटर लांब. नाव आत्मकथा, पण बराचसा मजकूर इतरांनी केलेली याची स्तुती. सुन गुओतिंगचा 687 मधला धावत्या लिपीवरचा ग्रंथही तिथेच, तोही धावत्या लिपीत. पण अशा निवडक कृती एका वेळी जास्तीत जास्त 42 दिवस मांडतात आणि मग काही वर्षं विश्रांतीला ठेवतात. म्हणून आधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रदर्शनाच्या तारखा बघा, तिकीट मग काढा. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन किंवा जपानचा व्हिसा असेल तर भारतीयांना तैवानचा प्रवेश-परवाना ऑनलाइन मिळू शकतो. अटी अर्जाआधी वाचून घ्या. तैपेईत शिलिन मेट्रो स्टेशनवरून संग्रहालयाच्या बस सुटतात, आणि सोमवारी ते बंद असतं.